भुईआवळीच्या रसानं हेपेटायटिस बी 'निगेटिव्ह' होतो का? एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं की धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, रक्तदानाच्या वेळच्या तपासणीत हेपेटायटिस बी निघाला, त्याला त्रास काहीच नाही, लिव्हरचे डॉक्टर म्हणाले सध्या औषध नको, दर ६ महिन्यांनी तपासणी करत राहा. आणि ओळखीतल्या एकांनी भुईआवळीचा रस सुचवलाय, त्यांच्या माहितीतला एक माणूस ३ महिन्यांत 'निगेटिव्ह' झाला म्हणतात. शेवटी तुम्ही विचारलंय की वनस्पतींनी व्हायरस मरतो की नाही ते एकदाच स्पष्ट सांगा, आणि नुसतं घेऊन बघायला हरकत काय आहे.

मी वैद्य आहे, एमडी द्रव्यगुण, म्हणजे वनस्पती हाच माझा विषय. प्रॅक्टिस सुरू करायच्या आधी ७ वर्षं एका लॅबमध्ये वनस्पतींचे अर्क व्हायरसवर चालतात का हेच तपासायचं काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं भुईआवळी माझ्या टेबलावर होती. मला ही वनस्पती मनापासून आवडते, इतर काही तक्रारींत मी ती आजही वापरतो, आणि तरीही तुमच्या भावाला ती सध्या देऊ नका असं सांगणार आहे. का ते नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा पण घाबरवतोय.

सगळ्यात आधी तो 'निगेटिव्ह' झालेला माणूस. अशी माणसं खरंच असतात, कुणी खोटं बोलत नसतं, आणि म्हणूनच हा विषय अवघड आहे. मोठ्या माणसाला जेव्हा हेपेटायटिस बी नव्यानं होतो ना, तेव्हा १०० पैकी ९५ जणांचं शरीर तो व्हायरस काही महिन्यांत स्वतःहून काबूत आणतं, सरफेस अँटिजेन, म्हणजे रक्तात सापडणारं व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचं प्रोटीन, निगेटिव्ह होतं, विषय संपतो. त्या काळात त्यानं काहीही घेतलं असतं तरी निगेटिव्हच झाला असता, मग रस घेतला असेल तर श्रेय रसाला जातं, यात कुणाचा दोष नाही, आपलं मन असंच जोडतं. याच्या अगदी उलट म्हणजे जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झालेलं इन्फेक्शन, तिथे साधारण १० पैकी ९ बाळांमध्ये व्हायरस कायमचा मुक्कामाला येतो आणि वीस-तीस वर्षं काही लक्षण न दाखवता लिव्हरमध्ये राहतो. अशा माणसात सरफेस अँटिजेन आपोआप जायचं प्रमाण वर्षाला १०० मागे जेमतेम १.

तेव्हा माझं सगळं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे जी तुम्ही लिहिलेली नाही, भावाच्या अंगात हा व्हायरस किती दिवसांपासून आहे. ६ महिन्यांनी पुन्हा तपासल्यावरही अँटिजेन पॉझिटिव्ह असेल तर जुनं इन्फेक्शन म्हणायचं. कोअर आयजीएम नावाची एक टेस्ट असते तिच्यावरूनही नवं-जुनं याचा अंदाज येतो. रक्तदानात अचानक सापडलेला, काही त्रास नसलेला, डॉक्टरांनी ६ महिन्यांच्या तपासणीवर ठेवलेला माणूस, हे वर्णन बहुतेक वेळा जुन्या इन्फेक्शनचं असतं, म्हणून पुढचं सगळं ते धरून लिहितोय.

अजून एक, 'निगेटिव्ह' या शब्दात फार घोटाळा आहे. माझ्याकडे लोक फाईल घेऊन येतात, 'डॉक्टर निगेटिव्ह झालं' म्हणतात आणि बघावं तर ई-अँटिजेन, म्हणजे व्हायरसचं दुसरंच एक प्रोटीन, निगेटिव्ह असतं, सरफेस अँटिजेन नाही. ई-अँटिजेन निगेटिव्ह असणं म्हणजे व्हायरस गेला असं अजिबात नाही, उलट एका प्रकारात ई निगेटिव्ह असूनही व्हायरस जोरात वाढत असतो. काही वेळा डीएनए 'आढळला नाही' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रक्तात त्या क्षणी मोजण्याइतका नाही एवढाच. आणि काही वेळा तर पहिली टेस्ट एका पद्धतीची आणि दुसरी पटकन होणाऱ्या कार्डवरची, जी कमी प्रमाणातलं अँटिजेन पकडत नाही. म्हणून कुणी निगेटिव्ह झालं सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, नेमकी कुठली टेस्ट निगेटिव्ह, आणि आधीची त्याच पद्धतीनं केली होती का.

आता भुईआवळीची खरी गोष्ट, कारण ही काही सांगोवांगीची वनस्पती नाही, हिच्यामागे मोठी माणसं होती. हेपेटायटिस बी चा व्हायरस ज्यांच्या कामामुळे सापडला ते बारूक ब्लुमबर्ग, १९७६ चे नोबेल विजेते, त्यांनी स्वतः हिच्यावर काम केलं. १९८७ मध्ये त्यांच्या गटानं छापलं की फिलँथस, म्हणजे भुईआवळीच्या गटातल्या वनस्पतीच्या अर्कानं या व्हायरसचं पॉलिमरेज नावाचं एन्झाइम परीक्षानळीत अडतं, आणि वुडचक नावाचा एक प्राणी असतो ज्याला अशाच प्रकारचा हेपेटायटिस होतो त्याच्यातही परिणाम दिसला. मग १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांची ट्रायल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. वाळवलेल्या भुईआवळीची पावडर, २०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, ३० दिवस. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांचं सरफेस अँटिजेन गेलं, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाचं. म्हणजे ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. विचार करा, आजही कुठलंही महागडं औषध महिनाभरात असं करू शकत नाही. मी शिकत असताना हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, लॅबमध्ये जायचं ठरवलं ते त्यामुळेच.

मग पुढे काय झालं? इतर देशांतल्या लोकांनी तेच करून बघितलं. थायलंडमध्ये केलं, नेदरलँड्समध्ये केलं, न्यूझीलंडमध्ये केलं, आणि तो निकाल परत कुणालाच आला नाही. मग चर्चा सुरू झाली की वनस्पती वेगळी होती का, कारण नावांचा फार गोंधळ आहे, फिलँथस अमारस, फिलँथस निरुरी, फिलँथस युरिनारिया या दिसायला जवळजवळ सारख्या, आणि जुन्या पुस्तकांत एकीला दुसरीचं नाव लावलेलं. जमीन, ऋतू, वाळवण्याची पद्धत यानंही फरक पडतो हे खरंच आहे. पण २०११ मध्ये कॉक्रेन या ट्रायलची छाननी करणाऱ्या संस्थेनं तोपर्यंतच्या १६ ट्रायल एकत्र तपासल्या तेव्हा निष्कर्ष असा निघाला की खात्रीनं सांगावं असा पुरावा नाही, ज्या ट्रायलमध्ये फायदा दिसतो त्यांची रचनाच कच्ची आहे. मला हे वाचून आनंद झाला नव्हता. पण एखादी गोष्ट खरी असेल तर ती दुसऱ्याच्या हातातही घडली पाहिजे, एवढी साधी अट आहे, आणि ती इथे पुरी झाली नाही.

आमच्या लॅबमध्ये काय दिसायचं ते सांगतो, कारण 'अमुक वनस्पती व्हायरस मारते असं संशोधनात सिद्ध' अशा बातम्या तुम्ही पुढेही वाचणार आहात. हेपेटायटिस बी साठी लिव्हरच्या पेशींची एक जात वापरतात जी सतत हा व्हायरस तयार करून बाहेरच्या पाण्यात सोडत राहते. त्या पाण्यात अर्क टाकायचा, काही दिवसांनी सरफेस अँटिजेन मोजायचं, कमी झालं तर अर्क चालला. पहिल्या वर्षी आम्हाला दर दुसरी वनस्पती 'चालणारी' सापडत होती आणि आम्ही खुशीत होतो. नंतर लक्षात आलं की बऱ्याच अर्कांनी पेशीच आजारी पडत होत्या, आणि आजारी पेशी व्हायरसच काय, काहीच तयार करत नाही. म्हणून व्हायरस अडवणारं प्रमाण आणि पेशी मारणारं प्रमाण यात किती अंतर आहे ते बघायचं, अंतर दहापटीहून कमी असेल तर आम्ही तो अर्क बाजूला ठेवायला लागलो.

दुसरी फसगत याहून वाईट. वनस्पतींत टॅनिन असतात, तुरट चव देणारे पदार्थ, आणि टॅनिनचा स्वभावच असा की प्रोटीन दिसलं की चिकटायचं. चामडं कमावायला त्यांचा उपयोग होतो तो याच कारणानं. आता सरफेस अँटिजेन हे प्रोटीन, ते मोजणारी अँटिबॉडी हेही प्रोटीन, टॅनिन दोघांना जाऊन चिकटतं आणि मशीनचा आकडा खाली येतो. व्हायरस जिथल्या तिथे, फक्त तो मोजणारं माप बिघडलेलं! आम्ही जेव्हा अर्कातून टॅनिन काढून टाकून पुन्हा टेस्ट लावली तेव्हा आमच्या यादीतल्या चालणाऱ्या वनस्पतींपैकी बहुतेक गळून पडल्या, भुईआवळीचा परिणामही इतका उतरला की मी तीनदा परत करून बघितलं.

आणि समजा परिणाम खरा आहे, तरी एक गणित उरतंच. प्लेटमध्ये, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवतात त्या भांड्यात, साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असं प्रमाण वापरतात. माणसाच्या अंगात रक्त ५ लिटरच्या आसपास. तेवढं प्रमाण रक्तात आणायचं तर अर्धा ग्रॅम शुद्ध कोरडा अर्क एक कणही वाया न जाता थेट रक्तात पोचला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे. तो तिथे टिकत नाही, अंगातल्या सगळ्या पाण्यात पसरतो, ते पाणी सुमारे ४० लिटर, म्हणजे ४ ग्रॅम लागला. आणि पोटातून किती शोषला जातो? भुईआवळीत जेरानिइन नावाचं जे टॅनिन प्लेटमध्ये छान काम करतं ते आकारानं एवढं मोठं आहे की आतड्यातून तसंच्या तसं आत जात नाही, त्याचे तुकडे होतात, पुढे आतड्यातले जिवाणू त्याचं आणखी काहीतरी वेगळंच बनवतात. प्लेटमधल्या पेशींना पोट नसतं, आतडं नसतं, लिव्हर मध्ये येत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचं तेच, प्लेटमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर चालतं आणि तोंडानं घेतलं तर रक्तात जेमतेम सापडतं.

हे फक्त वनस्पतींचं नाही हो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं कोविडमध्ये हेच झालं, माकडाच्या किडनीच्या पेशींत मूळचं क्लोरोक्विन छान चाललं, माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत नाही चाललं, आणि जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलनं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा ॲडमिट असलेल्या पेशंटना फायदा नाही हे दाखवून दिलं. गोळी असो नाहीतर मुळी, चाळणी एकच लावायची.

मग तुमचा मोठा प्रश्न, वनस्पतींतून व्हायरसवर औषध मिळतं की नाही. मिळतं. पण कसं मिळतं ते बघण्यासारखं आहे. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध बनवायला शिकिमिक ॲसिड लागतं आणि ते वर्षानुवर्षं चक्रफुलातून काढत होते, बर्ड फ्लूच्या भीतीच्या काळात चक्रफूल अपुरं पडायला लागलं होतं, नंतर जिवाणूंकडून ते बनवून घ्यायची सोय झाली. लोकांनी ऐकलं आणि चक्रफुलाचा काढा प्यायला लागले, पण शिकिमिक ॲसिड स्वतः फ्लूच्या व्हायरसला काहीच करत नाही, तो फक्त कच्चा माल आहे, त्याच्यावर कितीतरी रासायनिक प्रक्रिया केल्यावर औषध तयार होतं. त्यात आणखी धोका असा की जपानी चक्रफूल नावाची एक जात हुबेहूब तशीच दिसते आणि विषारी असते, तिच्या भेसळीमुळे लहान बाळांना आकडी आल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं २००३ मध्ये इशारा दिला होता.

जननेंद्रियांवरच्या चामखिळी एचपीव्ही या व्हायरसमुळे होतात, त्यावर पोडोफायलोटॉक्सिन लावतात, ते हिमालयातल्या वनककडीच्या जातीतून मिळतं, आणि ते व्हायरसला मारत नाही, भराभर वाढणाऱ्या पेशींचं विभाजन थांबवतं. गरोदर बाईनं तर त्याला हातही लावायचा नाही. त्याच आजारावर ग्रीन टीच्या अर्काचं एक मलम एफडीएनं २००६ मध्ये मंजूर केलं. या दोन्ही गोष्टी बाहेरून लावायच्या आहेत हे बघा, कारण बाहेरून लावलं की मघाचं ५ लिटर आणि ४० लिटरचं गणितच उरत नाही, पाहिजे तिथे पाहिजे तेवढं औषध पोचतं. माझ्या मते वनस्पतींचा व्हायरसवर थेट उपयोग व्हायची सगळ्यात जास्त आशा अजूनही त्वचेवर आणि तोंडाच्या आतल्या अस्तरावर आहे, पण त्या दिशेनं काम फार कमी होतं.

एचआयव्हीसाठी मलेशियातल्या सारावाकच्या जंगलातल्या एका झाडातून कॅलनोलाइड ए हा पदार्थ मिळाला होता. नमुना १९८७ मध्ये गोळा केलेला, लॅबमध्ये परिणाम दिसला, मग लोक परत त्या जागी गेले तर ते झाडच कुणी तोडून नेलं होतं आणि आजूबाजूच्या त्याच जातीच्या झाडांत तो पदार्थ पुरेसा नव्हता. शेवटी प्रयोगशाळेत बनवायला लागला. हे वाचलं की मला आमच्याकडचा एक नमुना आठवतो, पावसाळ्यानंतर गोळा केलेली वनस्पती जे करायची ते उन्हाळ्यात गोळा केलेली करत नव्हती. म्हणून रस घ्यायचा म्हटलं तरी कुठली जात, कुठल्या महिन्यातली, किती, हे कोण ठरवणार?

कुणी म्हणेल ग्रंथांत तर लिहिलंय. लिहिलंय, मी तेच शिकलोय आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ग्रंथ 'ज्वरघ्न' म्हणतात, 'कामला' म्हणतात. व्हायरस नावाची गोष्ट माणसाला कळली १८९० च्या दशकात, तीही तंबाखूच्या पानांच्या रोगावरून. कामला म्हणजे डोळे-लघवी पिवळी होणं, आणि ते व्हायरसनं होतं, पित्ताच्या खड्यानं होतं, दारूनं होतं, रक्तपेशी फुटल्यानं होतं. हेपेटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. एखाद्या वैद्यानं शंभर वर्षांपूर्वी काविळीवर भुईआवळी दिली आणि पेशंट बरे झाले, हे निरीक्षण खरंच आहे. पण तुमच्या भावाला कावीळच नाहीये! लोक हेपेटायटिस बी ला पांढरी कावीळ म्हणतात म्हणून ते काविळीचं औषध इकडे लागू पडेल असं वाटतं, ग्रंथकारांसमोर असा काही लक्षण नसलेला, फक्त रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसणारा आजार कधी आलाच नव्हता.

आणि हा व्हायरस घालवायला एवढा अवघड का, तर तो लिव्हरच्या पेशीच्या केंद्रात जाऊन स्वतःची एक गोल, बंद डीएनएची कडी करून बसतो. टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्या नवीन व्हायरस बनणं थांबवतात, फार चांगलं थांबवतात, पण त्यांनाही ती कडी काढता येत नाही, म्हणून त्या बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. रसानं ३ महिन्यांत ती कडी जाते असं कुणी म्हणत असेल तर मोठा दावा आहे तो.

आता 'घेऊन बघायला हरकत काय'. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

भुईआवळी एकटी तशी सौम्य आहे. पण लोक एकटी घेत नाहीत, तिच्याबरोबर गुळवेल येते, कुटकी येते, तयार लिव्हर टॉनिक येतं, कुणीतरी पुडी देतं ज्यात काय आहे ते त्यालाच माहीत. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या ६ पेशंटची माहिती छापली तेव्हा आमच्या क्षेत्रात खूप राग होता, वनस्पती चुकीची ओळखली असेल असं म्हटलं गेलं, मीही तेच म्हणालो होतो. मग २०२२ मध्ये १३ ठिकाणच्या ४३ पेशंटचा अभ्यास आला, आणि त्याच सुमारास माझ्या स्वतःच्या एका पेशंटमध्ये, जिला मीच गुळवेल दिली होती, तेच झालं. औषध बंद केल्यावर ती बरी झाली. तेव्हापासून लिव्हरचा किंवा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसा, आजार असलेल्याला मी गुळवेल देत नाही आणि इतरांनाही महिनोन्महिने देत नाही.

हेपेटायटिस बी मध्ये याचा त्रास दुप्पट होतो. समजा भावाचं एएलटी, म्हणजे लिव्हरची सूज दाखवणारं, ज्याला एसजीपीटी म्हणतात ते एन्झाइम, उद्या ६०० आलं. रस चालू नसेल तर डॉक्टर लगेच समजतात की व्हायरस उसळला असणार, डीएनए बघतात, गोळी सुरू करतात. रस-पुडी चालू असेल तर प्रश्न पडतो, हे व्हायरसमुळे की औषधामुळे? माझ्याकडे असाच एक तरुण मुलगा आला होता, कुणाकडची तरी पुडी चालू, एएलटी वाढलेलं, पुडीत काय आहे ते कुणी सांगेना, बायोप्सी करायला लागली आणि जवळजवळ ३ आठवडे गेले, तोवर कावीळ वाढत गेली. वाचला तो, पण ते ३ आठवडे त्याच्या आईचा चेहरा मी रोज बघत होतो आणि ते मला विसरता येत नाही.

थोडं इतर वनस्पतींबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन जपानमध्ये लिव्हरच्या जुन्या आजारात शिरेतून देत आलेत, त्यानं एन्झाइम खाली येतात पण हेपेटायटिस बी चा व्हायरस जात नाही, आणि रोज भरपूर ज्येष्ठमध घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम घसरतं. मिल्क थिसलमधलं सिलिमरिन हेपेटायटिस सी मध्ये मोठ्या डोसनं देऊन बघितलं, २०१२ च्या ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा फरक पडला नाही, आणि आज सी वर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्या आहेत ज्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. डेंग्यूत पपईच्या पानांनी प्लेटलेट थोड्या लवकर वर येतात असं छोट्या ट्रायलमध्ये दिसलंय, पण डेंग्यूत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे, तेही ताप उतरताना, आणि त्यावर पानांचा उपयोग कुणी दाखवलेला नाही. नागीण उठली तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या असतात, लेप लावत बसलं तर ती वेळ निघून जाते. कुत्रा चावल्यावर तर वनस्पतीचा विषयच काढू नये, साबणानं १५ मिनिटं धुणं आणि लस, जखम रक्ताळलेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शनही, बस. आणि एचआयव्हीच्या गोळ्या चालू असतील तर सेंट जॉन्स वॉर्टसारख्या वनस्पतीनं त्यातल्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं हे २००० सालापासून माहीत आहे.

इथवर आलं म्हणजे तुम्हाला दिसेल की मी वनस्पती वाईट म्हणत नाहीये. मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळीच आहे. डॉक्टर म्हणाले 'सध्या काही नको', आणि घरात एवढा मोठा आजार सापडल्यावर 'काही नको' हे ऐकवत नाही, हाताला काहीतरी काम लागतं. रस ती रिकामी जागा भरतो. मला ते पूर्ण समजतं. फक्त ती जागा ज्यानं भावाचं खरंच भलं होईल त्यानं भरा, आणि करण्यासारखं भरपूर आहे.

डॉक्टरांना विचारा की एचबीव्ही डीएनएचा, म्हणजे रक्तातल्या या व्हायरसच्या डीएनएचा, आकडा किती, ई-अँटिजेन काय, एएलटी किती, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) झालाय का, हेपेटायटिस डी आणि एचआयव्ही तपासलंय का. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल तर ते आवर्जून सांगा कारण त्यानं निर्णय बदलतो. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गोळ्या कुणाला द्यायच्या याचे निकष बरेच सैल केले, पूर्वी ज्यांना थांबा सांगायचे त्यातल्या कितीतरी जणांना आता गोळी सुरू करता येते, तेव्हा 'नव्या निकषांप्रमाणे याला गरज आहे का' असं सरळ विचारा, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. डीएनए २००० आययू प्रति मिलीच्या खाली, एएलटी नॉर्मल आणि लिव्हर मऊ असेल तर थांबणंच बरोबर, पण थांबणं म्हणजे ६ महिन्यांची तारीख न चुकवणं. ती तारीख मोबाईलमध्ये तुम्ही टाका, त्याच्या भरवशावर ठेवू नका, कारण काही त्रास नसलेला तरुण माणूस दोन तपासण्यांनंतर जायचं बंद करतो हे मी पुन्हापुन्हा बघितलंय. आणि रस चालू असेल तर हमखास बंद करतो, कारण त्याला वाटतं इलाज चालू आहे.

दारू पूर्ण बंद. वजन जास्त असेल तर कमी करायचं, चरबी साठलेलं लिव्हर या व्हायरसबरोबर फार वाईट जोडी होते. उद्या कधी कुठल्याही आजारासाठी स्टेरॉइड किंवा केमो द्यायची वेळ आली तर आधी सांगायचं की मला बी आहे, शांत बसलेला व्हायरस तेव्हा उसळतो. आणि पुढे गोळ्या सुरू झाल्याच तर कुणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. एकत्र जेवणं, मिठी मारणं, एका भांड्यातून पाणी पिणं यानं हा पसरत नाही, त्याला घरात वेगळं पाडू नका. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळा. लग्न झालं असेल तर बायकोची तपासणी आणि लस.

एक शेवटचं, आणि हे तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलं नाहीये म्हणून मुद्दाम सांगतो. मोठेपणी झालेला बी बहुतेकांचा जातो, टिकून राहिलेला बी बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडून आलेला असतो. भावाला तसा आला असेल तर तुमच्या आईलाही असू शकतो, आणि तुम्हालाही. आईची आणि तुमची सरफेस अँटिजेनची टेस्ट या आठवड्यातच करून घ्या, निगेटिव्ह आली तर लसीचे ३ डोस, पॉझिटिव्ह आली तर भावाच्या त्याच डॉक्टरांकडे जा, आणि तुम्हाला मुलं असतील तर त्यांचीही तपासणी. रिपोर्ट आले की आकडे इथे लिहा, वाचून काय वाटतं ते मी सांगेन.